वेगाचे वास्तव आणि वेगाची लीला : शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील दोन शैलींचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय मराठी समीक्षेच्या कक्षेत अद्याप पुरेसा आलेला नाही. शिक्षणशास्त्राने त्याचा विचार 'दुष्परिणाम' या अंगाने केला, संगणकशास्त्राने तंत्राच्या अंगाने केला. परंतु कलाकृती म्हणून त्याच्या रचनेचा आणि रूढींचा विचार फारसा झालेला नाही. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या पिढ्यांच्या अनुभवविश्वात मात्र या खेळांना निश्चित स्थान आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संगणक शिकवणी वर्गात वा सायबर कॅफेत 'रोड रॅश' खेळलेला विद्यार्थी आज प्राध्यापकाच्या खुर्चीत बसलेला असू शकतो.

शर्यतीच्या खेळांविषयी बोलताना खेळाडू आणि परीक्षक दोन शैलींमध्ये भेद करतात. वाहनाची यांत्रिक वर्तणूक शक्य तितकी हुबेहूब उतरवणारी सिम्युलेशन अथवा वास्तवानुकारी शैली ही एक, आणि भौतिकशास्त्राचे नियम सैल करून वेगाचा थरार देणारी आर्केड शैली ही दुसरी. या भेदाबरोबर एक प्रतवारीही गृहीत धरली जाते. वास्तवानुकारी खेळ 'गंभीर' आणि आर्केड खेळ 'पोरकट' असा तो समज आहे. प्रस्तुत लेखात या प्रतवारीची चिकित्सा केली असून, वास्तव या शब्दाने नेमके कोणते वास्तव अभिप्रेत असते, हा प्रश्न महाराष्ट्रातील रस्त्यांच्या व नाट्यपरंपरेच्या संदर्भात उपस्थित केला आहे.

दोन शैलींची घडण

आर्केड ही संज्ञा मुळात स्थलवाचक आहे. नाणे टाकून खेळायची यंत्रे ज्या दालनात मांडलेली असत, ते आर्केड. नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' (१९८२) आणि सेगा कंपनीचा यु सुझुकी यांनी घडवलेला 'आउट रन' (१९८६) ही या परंपरेतील ठळक उदाहरणे होत. या खेळांची रचना अर्थकारणाने ठरवली. एका नाण्यात काही मिनिटांचाच खेळ मिळावा आणि पुढचे नाणे टाकण्याची इच्छा व्हावी, यासाठी घड्याळाचा काटा सतत मागे लावला गेला. ठरावीक टप्पा वेळेत गाठला तरच वेळ वाढून मिळे. 'आउट रन'मधील मोटार उलटली तरी क्षणात पूर्ववत होऊन धावू लागते, कारण मोडलेली मोटार खेळाडूचा वेळ खाते. पुढे 'रिज रेसर'ने (१९९३) वळणावर गाडी घसरवत नेण्याला कौशल्याचे रूप दिले. प्रत्यक्षात चाकाची पकड सुटली की वेग घटतो. या खेळात मात्र घसरण हाच वेग राखण्याचा मार्ग ठरला.

वास्तवानुकारी शैली घरच्या संगणकावर आणि कन्सोलवर वाढली. 'इंडियानापोलिस ५०० : द सिम्युलेशन' (१९८९), १९६७ च्या फॉर्म्युला वन हंगामावर आधारलेला 'ग्रां प्री लेजंड्स' (१९९८) आणि काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रान टुरिस्मो' (१९९७) हे तिचे टप्पे. यंत्र खेळाडूच्या मालकीचे झाल्याने नाण्याची घाई संपली. तासन् तास सराव करणे, गाडीची जुळवणी बदलून पाहणे, 'ग्रान टुरिस्मो'तील परवाना परीक्षा पुनःपुन्हा देणे शक्य झाले. म्हणजे शैलीभेदाच्या मुळाशी सत्याची ओढ जेवढी आहे, तेवढेच वेळेचे व मालकीचे अर्थशास्त्रही आहे.

महाराष्ट्रात आर्केड शैली अधिक रुजली, याचे कारणही येथेच सापडते. सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने बसणारा विद्यार्थी नाणे टाकणाऱ्याच्याच स्थितीत होता. शिवाय त्याच्या हाताशी सुकाणूचक्र नव्हते, कीबोर्ड होता. कीबोर्डवरील बाणाची कळ एकतर दाबलेली असते किंवा सुटलेली. चक्र दहा अंशांत वळवावे की तीस अंशांत, हे तिला सांगता येत नाही. वास्तवानुकारी खेळाचे सारे मर्म या अंशांत साठवलेले असते. त्यामुळे येथील खेळाडूची आर्केडकडे झालेली ओढ हे अभिरुचीच्या अपरिपक्वतेचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल. मोबाइलच्या काळातही हीच परिस्थिती वेगळ्या रूपाने टिकून राहिली. 'अस्फाल्ट ९ : लेजंड्स' (२०१८) या खेळात गाडी वळवण्याचे काम आपोआप होण्याची सोय आहे, खेळाडूने मार्ग आणि क्षण तेवढे निवडायचे.

लोकधर्मी आणि नाट्यधर्मी

मराठी समीक्षेला वास्तव आणि अद्भुत यांतील वाद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्येच 'कादंबरी' या निबंधात अद्भुतरम्य व वास्तववादी कादंबऱ्यांचा तुलनात्मक विचार केला होता. तथापि प्रस्तुत विषयासाठी त्याहून जुनी एक जोडी अधिक उपयुक्त ठरते. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन धर्म सांगितले आहेत. लोकव्यवहारातील वर्तन जसेच्या तसे दाखवणे हा लोकधर्म. संकेत, अतिशयोक्ती आणि शैलीबद्ध हालचाल यांतून आशय पोहोचवणे हा नाट्यधर्म. यांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा, अशी मांडणी तेथे नाही.

तमाशाच्या वगात नट रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या नगरीत पोहोचतो. प्रेक्षक अंतराचा हिशेब मागत नाहीत. 'घाशीराम कोतवाल'च्या १९७२ मधील प्रयोगात नटांच्या रांगेची भिंत झाली आणि ती भिंत मराठी प्रेक्षकाने विनातक्रार स्वीकारली. 'आउट रन'मध्ये काही मिनिटांत समुद्रकिनारा संपून निराळाच भूप्रदेश सुरू होतो, तो याच जातीचा संकेत होय. रॉजर काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत भोवळ अथवा गरगरणे हा एक आहे. आर्केड शैली प्रामुख्याने या भोवळीशी प्रामाणिक असते. जत्रेतील पाळण्यात बसलेल्या माणसाला जे जाणवते, ते ती देऊ पाहते. ते जाणवणे खोटे नसते.

उलटपक्षी वास्तवानुकारी शैलीही संकेतमुक्त नाही. 'ग्रान टुरिस्मो'ने स्वतःला खरेखुरे चालन-सिम्युलेटर म्हणवून घेतले, तरी मालिकेच्या आरंभीच्या खेळांत भिंतीवर आदळलेल्या मोटारीला पोचाही पडत नसे. वाहनाची दृश्य हानी मालिकेच्या मुख्य प्रवाहात २०१० च्या पाचव्या खेळात आली. टायरची पकड बारकाईने मोजणारा हा खेळ अपघाताबाबत इतकी वर्षे पूर्णतः नाट्यधर्मी होता. अर्थात हुबेहूबपणा हीदेखील एक निवड असते. काय दाखवायचे हे ठरवताना काय झाकायचे हेही ठरत असते.

वास्तव आणि परवाना

या निवडीवर व्यापाराचे नियंत्रण किती असते, याचे बोलके उदाहरण भारतातच घडले. ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. कोडमास्टर्स कंपनीचा 'एफ-वन २०११' हा खेळ मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात आला आणि त्यात हे सर्किट समाविष्ट होते. त्यामुळे नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याने पडद्यावर त्या सर्किटची फेरी पूर्ण केली, तेव्हा प्रत्यक्ष फॉर्म्युला वन मोटारींची तेथील शर्यत व्हायची होती. अनुकरण मूळ वस्तूच्या आधी अवतरले. २०१३ नंतर ही शर्यत बंद झाली आणि पुढील वर्षीच्या अधिकृत खेळातून भारत वगळला गेला. सर्किट जागेवर होते, केवळ करार उरला नव्हता. अशा खेळांतील 'वास्तव' हे परवानाधारक वास्तव असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

धावपट्टी आणि रस्ता

अलेक्झांडर गॅलोवे यांनी २००४ मध्ये खेळांतील वास्तववादाविषयी लिहिताना एक महत्त्वाचा भेद केला. चित्र हुबेहूब असणे वेगळे आणि खेळणाऱ्याच्या सामाजिक जगण्याशी खेळाचा मेळ असणे वेगळे. हा भेद स्वीकारला तर प्रतवारी उलटीपालटी होते. वास्तवानुकारी खेळ बहुतांशी धावपट्टीचे असतात. तेथे सर्वजण एका दिशेने जातात, पादचारी नसतो, समोरून ट्रक येत नाही. येथील वाचकाला परिचित असलेला रस्ता असा नाही.

'रोड रॅश' (१९९१, विंडोज आवृत्ती १९९६) हा अमेरिकन खेळ कॅलिफोर्नियातील रस्त्यांवर घडतो. त्यात स्वार एकमेकांना साखळीने मारतात, हे कोणत्याही अर्थाने वास्तव नाही. परंतु त्यात समोरून वाहने येतात, रस्त्यावर माणसे असतात, पोलीस पकडतात आणि दंड होतो, गाडीच्या दुरुस्तीला पैसे लागतात. आणि पडलेल्या स्वाराला लांब जाऊन पडलेल्या आपल्या मोटारसायकलीपर्यंत धावत जावे लागते. हा आर्केड खेळ भौतिकशास्त्राबाबत बेफिकीर असला तरी रस्ता ही अनेकांची सामाईक जागा आहे, हे त्याने विसरू दिले नाही. तो येथे इतका आपलासा वाटला, त्यामागे हेही कारण असावे.

दुसरे उदाहरण अधिक लक्षणीय आहे. इंडोनेशियातील मालेओ कंपनीच्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' (२०१७) या मोबाइल खेळात खेळाडूला बसची सजावट स्वतः तयार करता येते. तिचा उपयोग करून भारतीय खेळाडूंनी आपापल्या राज्यांच्या बसगाड्या त्यात उतरवल्या; त्यांत एस. टी. ची लाल बसही आहे. १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस. टी. ने मराठी ग्रामजीवनात जे स्थान मिळवले, त्याला जागतिक खेळ-उद्योगाच्या अधिकृत नकाशात जागा नव्हती. खेळाडूंनी ती करून घेतली. या खेळात हॉर्नलाही महत्त्व आहे. शर्यतीच्या बहुतेक खेळांत हॉर्न असून नसल्यासारखा असतो. कसारा घाटातील आंधळ्या वळणावर मात्र हॉर्न ही भाषा असते. ही भाषा ज्या खेळाला कळते, त्याचे चित्र ओबडधोबड असले तरी सामाजिक वास्तवाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

संपूर्ण अनुकरणाची मर्यादा

अनुकरण पूर्णत्वाला नेले तर काय होईल, याची थट्टा 'डेझर्ट बस' या १९९५ मधील, त्या काळी अप्रकाशित राहिलेल्या खेळाने केली आहे. टुसान ते लास व्हेगास हे अंतर त्यात प्रत्यक्ष वेळेत, म्हणजे सुमारे आठ तासांत कापावे लागते. खेळ थांबवता येत नाही, बस सतत उजवीकडे सरकत राहते आणि प्रवास पुरा केल्यावर एक गुण मिळतो. कंटाळा हा चालनाचा सर्वांत सार्वत्रिक अनुभव असूनही तो दोन्ही शैलींनी वर्ज्य मानला, हे या थट्टेतून उघड होते.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे भान हरपण्याच्या धोक्याची चर्चा या महामार्गाच्या संदर्भात वारंवार झाली आहे. वास्तवानुकारी खेळ ज्या कौशल्यांचा गौरव करतात, त्यांत या जागरूकतेला स्थान नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक शहरात खाजगी बस आणि ट्रक यांची धडक होऊन लागलेल्या आगीत बारा जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेल्याची नोंद केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात आहे. या दुःखाचे खापर खेळांवर फोडणे अयोग्य होईल, कारण रस्त्यांची रचना, वाहनांची स्थिती, चालकांचे कामाचे तास आणि नियमांची अंमलबजावणी अशी अनेक कारणे त्यामागे असतात. पण मुद्दा असा की, जो खेळ स्वतःला खरा म्हणवतो, त्याच्या खरेपणात या साऱ्यांपैकी काहीच येत नसेल, तर त्या विशेषणाची तपासणी करणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

एक आक्षेप

आर्केड खेळ बेदरकारपणा शिकवतात, असा आक्षेप पालक व शिक्षक घेतात. तो सर्वस्वी निराधार मानता येणार नाही. परिणामशून्य अपघात शेकडो वेळा पाहिल्याने काहीच घडत नाही, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र आर्केड शैली आपली कृत्रिमता लपवत नाही. उलटलेली मोटार आपोआप सरळ होते, तेव्हा हा खेळ आहे याची ग्वाहीच मिळते. वास्तवानुकारी खेळात ही ग्वाही क्षीण होते. गाडीवर खरोखरच ताबा मिळवल्याचा आत्मविश्वास तेथे निर्माण होतो आणि तो धावपट्टीपुरता खराही असतो. २०११ च्या 'जीटी अकादमी' स्पर्धेचा विजेता यान मार्डनबरो 'ग्रान टुरिस्मो' खेळत पुढे व्यावसायिक शर्यतपटू झाला. परंतु धावपट्टीवरील प्रावीण्य आणि शालिमार ते द्वारका या गर्दीतून दुचाकी नेण्याचा विवेक या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होण्याचा संभव हुबेहूब खेळातच अधिक आहे.

निष्कर्ष

१. वास्तवानुकारी आणि आर्केड या शैली सत्याच्या चढत्या-उतरत्या पायऱ्या नसून दोन प्रयोगधर्म आहेत. पहिली यंत्राशी प्रामाणिक असते, दुसरी वेगाच्या अनुभूतीशी.

२. शैलीची निवड अभिरुचीइतकीच साधने, वेळ आणि पैसा यांनी घडते. महाराष्ट्रातील आर्केडप्रियतेचा अर्थ सायबर कॅफे, कीबोर्ड आणि मोबाइल यांच्या संदर्भातच लावला पाहिजे.

३. रस्त्याचे सामाजिक वास्तव या दोन्ही शैलींच्या बहुतांश खेळांतून निसटले आहे. जेथे ते थोडेबहुत सापडते, तेथे ते चित्राच्या रेखीवपणामुळे आलेले नसून रस्त्यावरील इतर माणसांची दखल घेतल्यामुळे आलेले आहे.

४. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक' (२०२०) या खेळाने येथील कलावंत जागतिक दर्जाची निर्मिती करू शकतात, हे दाखवले, त्याचा विषय पौराणिक होता. घाटातून रात्रपाळीची एस. टी. नेणाऱ्या चालकाचा अनुभव केंद्रस्थानी ठेवणारा खेळ मराठी भाषकांनी निर्माण केला, तर दोन शैलींमधील हा वाद निराळ्या पातळीवर जाईल. त्या खेळात वेग कमी करणे हेही कौशल्य मानावे लागेल, आणि त्याचे मूल्यमापन करण्यासाठी समीक्षेलाही नवे निकष घडवावे लागतील.