महामारीचे आदेश व मोरा बंदर : एक साधनपरीक्षण

2020 ते 2022 या काळांतील महामारीविषयींच्या लेखनास आतां हळूहळू इतिहासाचें रूप येऊं लागलें आहे. यांपैकीं जें आमच्या वाचनांत येतें, त्यांतील बऱ्याच लेखनाची रचना एकाच सांच्याची आढळते. अमुक दिवशीं टाळेबंदी झाली, अमुक दिवशीं लस आली, अमुक दिवशीं कचेऱ्या व शाळा उघडल्या, अमुक दिवशीं मुखपट्टी ऐच्छिक झाली, असा सरकारी आदेशांचा क्रम लावावयाचा. आणि शेवटीं निकाल द्यावयाचा कीं, शहाण्यांनीं आदेश मानले, अडाण्यांनीं मानले नाहींत. ही पद्धति आम्हांस सदोष वाटते. आदेश हा आदेश निघाल्याचा पुरावा होय. तो पाळला गेल्याचा किंवा पाळणें शक्य होतें याचा पुरावा नव्हे. आमचें हें म्हणणें एका लहान स्थळावर घासून पाहण्याचें येथें योजिलें आहे. तें स्थळ म्हणजे उरणचें मोरा बंदर.

प्रथम स्थळाचा अधिकार कोणाकडे, हें पाहूं. 1882 सालच्या गॅझेटियरांत उरणचें वर्णन ठाणें जिल्ह्याच्या खंडांत सांपडतें. पुढें उरण कुलाबा जिल्ह्यांत गेलें, आणि त्या जिल्ह्यास 1981 सालीं रायगड हें नांव मिळालें. आज मोऱ्याचा महसुली कारभार अलिबागकडे, पोलीस ठाणें नवी मुंबईच्या आयुक्तालयाखालीं, आणि पोटापाण्याचा व्यवहार मोठ्या अंशीं मुंबईशीं, अशी स्थिति आहे. जून 2021 मध्यें राज्य सरकारनें निर्बंधांचे पांच स्तर ठरविले, तेव्हां मुंबई व नवी मुंबई या महानगरपालिका स्वतंत्र घटक मानल्या गेल्या, व रायगड जिल्हा वेगळा घटक झाला. म्हणजे मोऱ्याचा माणूस एका घटकांत निजे, दुसऱ्यांत कामास जाई, आणि तिसऱ्याच्या पोलिसांस जाब देई. ‘नवी मुंबईंत अमुक नियम होता’ असें लिहिणारानें, तो नियम महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरील मोऱ्यास लागू होता कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. इतकी साधी चौकशीहि पुष्कळ ठिकाणीं झालेली दिसत नाहीं.

दुसरा मुद्दा वाहनाचा. मोऱ्याहून मुंबईस जाण्याची जुनी वाट म्हणजे भाऊच्या धक्क्याची लाँच. ओहोटीच्या वेळीं गाळामुळें ती अडते, हें तेथील उतारूंस सांगावयास नको. उरणपर्यंत लोकल पोंचली ती 12 जानेवारी 2024 रोजीं, आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचें उद्घाटनहि त्याच दिवशीं झालें. महामारीच्या काळांत या दोहोंपैकीं एकहि सोय नव्हती. मार्च 2020 च्या अखेरीस देशभर प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हां मुंबईकरांची लोकल गेली आणि मोरेकरांचा समुद्रच बंद झाला. कचेऱ्यांतील उपस्थिति शेंकडा किती, यावर त्या काळीं एकामागून एक आदेश निघाले. 22 एप्रिल 2021 पासून ती शेंकडा 15 वर आणिली गेली. हे आंकडे ज्याला घरीं बसून काम करतां येतें अशा चाकरमान्याच्या सोयीचे होत. ज्याचें काम जाळ्याशीं, गोदीशीं किंवा मासळीच्या पाटीशीं, त्याच्या उपस्थितीचा शेंकडा 15 हिस्सा कोणता धरावा?

आतां मुख्य विषय, लशीचा. 15 ऑगस्ट 2021 पासून, लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन 14 दिवस झालेल्या सामान्य प्रवाशांस लोकलचा पास मिळूं लागला. यावरून ‘ज्यांनीं लस घेतली ते कामावर परतले, ज्यांनीं टाळली ते मागें राहिले’ असा सरळ निष्कर्ष काढण्यांत येतो. तारखांचा हिशेब मांडला असतां तो टिकत नाहीं. देशांत लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजीं सुरू झालें. परंतु 18 ते 44 वर्षांच्या लोकांस तें 1 मेपासून खुलें झालें. 13 मे रोजीं कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर 12 ते 16 आठवडे ठरलें. याच सुमारास सांठा अपुरा पडल्यामुळें महाराष्ट्रांत या वयोगटाचें सरकारी लसीकरण थांबलें, तें जूनच्या उत्तरार्धांत पुन्हां सुरू झालें. समजा, एका तरुण मजुरानें 22 जून रोजीं पहिली मात्रा घेतली. किमान 84 दिवस मोजले म्हणजे दुसरी मात्रा 14 सप्टेंबरला, आणि पुढील 14 दिवस धरून पासाचा दिवस 28 सप्टेंबर. 15 ऑगस्ट रोजीं तो फलाटाबाहेर उभा राहिला, यांत त्याच्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा संबंध काय? खासगी रुग्णालयांत लस मिळे, पण कोव्हिशील्डच्या एका मात्रेस 780 रुपयांपर्यंत मोजावे लागत. पासानें माणसें निवडलीं तीं वय, सांठा आणि खिसा पाहून. समजूत पाहून नव्हे. भाऊच्या धक्क्यावर उतरून पुढें लोकल धरणाऱ्या मोरेकरास हा आदेश पैलतीरावर आडवा आला. पुढें 27 नोव्हेंबर 2021 च्या आदेशानें सर्वच सार्वजनिक वाहतुकीस पूर्ण लसीकरणाची अट घातली. पण त्या वेळीं लशीचा पुरवठा पालटला होता. ऑगस्टची गैरहजेरी व डिसेंबरची गैरहजेरी हीं एकाच मापानें मोजणें, ही कालविपर्यासाची चूक होय.

आमच्या या लिहिण्यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, आम्ही लशीच्या उपयोगाविषयीं शंका घेतों. लशीमुळें गंभीर आजार व मृत्यु यांचें प्रमाण पुष्कळ घटलें, यांत संशय नाहीं. प्रश्न औषधाच्या गुणाचा नसून, दाखल्यावरून माणसाची परीक्षा करण्याचा आहे.

ही परीक्षा नवीनहि नाहीं. 1896 च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी येथें डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढील वर्षाच्या 10 जानेवारीस हाफकीन यांनीं आपली लस स्वतःस टोचून घेतली, आणि 4 फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. त्या काळींहि टोचून घेतलेल्यांस दाखला देऊन विलगीकरणांतून व प्रवासांतील अडवणुकींतून सूट दिली जात असे. तोच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्यें महाराष्ट्रांत लागू करण्यांत आला. प्लेगच्या वेळचा विरोध केवळ अडाणीपणाचा होता, असें तत्कालीन अधिकाऱ्यांच्या लिहिण्यावरून वाटतें. परंतु पुण्यांतील घरझडतीची व मुंबईंतील 9 मार्च 1898 च्या दंग्याची हकीकत दुसऱ्या बाजूनेंहि पाहणारास, लोकांचा राग सुईपेक्षां शिपायावर अधिक होता, हें दिसून येतें. अधिकाऱ्याच्या अहवालावरच विसंबल्यामुळें हा भेद फार काळ दृष्टीआड राहिला. तीच चूक आपल्या काळाविषयीं आपणच करावी काय?

मुखपट्टीच्या बाबतींत तर आदेशच परस्परांशीं जुळत नाहींत. एप्रिल 2020 मध्यें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें घरीं केलेल्या कापडी मुखपट्टीची शिफारस केली. वर सांगितलेल्या नोव्हेंबर 2021 च्या राज्याच्या आदेशांत मात्र, रुमाल ही मुखपट्टी नव्हे व रुमाल बांधणारा दंडास पात्र, असें स्पष्ट लिहिलें आहे. दंड 500 रुपये. शास्त्रदृष्ट्या नीट बसणारी मुखपट्टी अधिक उपयोगी, हें खरें. परंतु दंडाची पावती पाहून ‘या माणसानें तोंड उघडें ठेवलें होतें’ असें लिहिणारा इतिहासकार फसेल. तें तोंड रुमालानें झांकलेलेंहि असूं शकेल. लाँचच्या उघड्या माचीवरील वारा आणि उतरतांना धक्क्यावर होणारी दाटी, यांतील भेदहि आदेशास ठाऊक नव्हता.

शाळांचा मुद्दा थोडक्यांत सांगतों. 4 ऑक्टोबर 2021 रोजीं ग्रामीण भागांत पांचवी ते बारावी व शहरी भागांत आठवी ते बारावी हे वर्ग उघडले. उरण तालुक्यांत नगरपरिषद व ग्रामपंचायती शेजारीं शेजारीं आहेत. सहावींतील मुलाची शाळा हद्दीच्या कोणत्या बाजूस, यावर त्याचें वर्ष ठरलें. त्या दिवशीं 18 वर्षांखालील मुलांचें लसीकरण सुरू झालेलें नव्हतें. 15 ते 18 वयाच्या मुलांचें 3 जानेवारी 2022 रोजीं सुरू झालें, आणि त्याच महिन्यांत शाळा पुन्हां बंद होऊन 24 तारखेपासून उघडूं लागल्या. शाळा उघडली ही नोंद आदेशांत मिळते. कोणतें मूल परत आलें, कोणतें बापाबरोबर होडीवर गेलें तें गेलेंच, हें हजेरीपटावांचून कळावयाचें नाहीं.

शेवटीं, आदेशांच्या अधिकृतपणाविषयीं. लोकलसाठीं दोन मात्रांच्या सक्तीचे आदेश मुंबई उच्च न्यायालयापुढें आले, तेव्हां फेब्रुवारी 2022 मध्यें न्यायालयानें, ते विहित कार्यपद्धतीस धरून निघाले नव्हते, असा दोष दाखविला. पुढें 2 मे 2022 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, कोणासहि लस घेण्यास भाग पाडतां येत नाहीं, असें ठरविलें. ज्या कागदास न्यायालयानें सदोष म्हटलें, तोच कागद प्रमाण धरून एखाद्या कोळणीस किंवा हमालास ‘नियमभंग करणारा वर्ग’ म्हणणें, हा इतिहास नव्हे, तें आरोपपत्र होय.

एप्रिल 2022 च्या आरंभीं राज्यांतील निर्बंध उठले व मुखपट्टी ऐच्छिक झाली. त्या काळचे कागद अद्याप घरोघर आहेत. पण लाँचचीं तिकिटें, दंडाच्या पावत्या, शाळांचे हजेरीपट, मच्छीमार संस्थांच्या वह्या, दुकानांतील उधारीचे खाते हे कागद खाऱ्या हवेंत फार वर्षें टिकणारे नव्हत. सरकारी आदेश दप्तरांत सुरक्षित राहतील. त्यांची चिंता करण्याचें कारण नाहीं. बंदरोबंदरींच्या अभ्यासकांनीं हे दुसऱ्या बाजूचे कागद, व्यक्तींचीं नांवें झांकून कां होईना, आतांच नकलून ठेवावे, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. तें न झाल्यास, मोऱ्याच्या लोकांनीं त्या दोन वर्षांत काय केलें, याचें उत्तर पुढील पिढीस केवळ त्यांस काय करावयास सांगितलें होतें, एवढ्यावरूनच द्यावें लागेल.