टाळेबंदीची रोजकीर्द : एका घरोघरच्या पाहणीचें परीक्षण

इ. स. १८९८ त राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर व समकालीन पत्र यांतील भेद आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. बखर झालेली गोष्ट मागाहून सांगते. पत्र व रोजकीर्द ती घडत असतां टिपतात. २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीसंबंधानें हाच विवेक आतां केला पाहिजे. त्या काळचें लोकजीवन कोणत्या कागदावरून ठरवावयाचें?

अभ्यासकांचा मुख्य आधार म्हणजे मुंबईच्या ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या संस्थेची कुटुंब-पाहणी होय. जानेवारी २०१४ पासून चाललेल्या या पाहणींत सुमारें पावणेदोन लक्ष कुटुंबें असून, एकाच घरीं दर चार महिन्यांनीं जाऊन तेच प्रश्न पुन्हां विचारले जातात. तिचें मोल या पुनरावृत्तींत आहे. ‘संकटापूर्वीं काय करीत होतां?’ असें मागाहून विचारल्यास उत्तर बखरीसारखें येतें. येथें पूर्वस्थितीची नोंद पूर्वींच झालेली असते. तिच्याच आधारें बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठानें २०२१ त दाखविलें कीं, काम करणाऱ्या पुरुषांपैकीं ६१ टक्क्यांचें काम टिकलें व ७ टक्क्यांचें गेलें तें परत आलें नाहीं. स्त्रियांत मात्र १९ टक्क्यांचेंच टिकलें, आणि ४७ टक्के स्त्रिया २०२० अखेरपर्यंत कामावर परतल्या नाहींत. नुसत्या सरासरीवरून हा भेद हातीं लागला नसता.

इतकें श्रेय दिल्यावर दोषही सांगितला पाहिजे. टाळेबंदींत घरोघर जाणें थांबलें व प्रश्न दूरध्वनीवरून विचारावे लागले. उत्तर देणारीं घरें बरींच घटलीं. शिवाय ज्याँ द्रेज व अनमोल सोमंची यांनीं २०२१ त आक्षेप घेतला कीं, मुख्य रस्त्यापासून घरें निवडण्याच्या रीतीनें गरीब कुटुंबें नमुन्यांत कमी येतात. संस्थेनें त्यास उत्तर दिलें; तथापि आक्षेपाचें वजन आमच्या मतें कमी होत नाहीं. रोजकीर्दीचीं पानें गहाळ असतां उरलेल्या पानांची बेरीज सालअखेरची म्हणून कोणी मांडूं नये.

वसई-विरारकडे पाहतां हें स्पष्ट होतें. २०११ च्या शिरगणतींत या नगराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. त्यांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय मजूर पुष्कळ. मे २०२० त गांवीं जाणाऱ्या गाड्यांसाठीं वसईच्या सनसिटी मैदानावर त्यांची दाटी झाली. खोलीस कुलूप लागलें कीं तें घर पुढच्या फेरींत मुकें होतें. ज्याची हानि सर्वांत मोठी, त्याचीच नोंद तुटते. जे राहिले त्यांची उपजीविका लोकल गाडीवर. ती मार्च २०२० त बंद पडली, १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेंतील लोकांस मिळाली, व सर्वांस ठराविक वेळींच कां होईना १ फेब्रुवारी २०२१ पासून खुली झाली. २२ जुलै २०२० रोजीं एस. टी. च्या गाड्या न मिळाल्यानें प्रवासी नालासोपारा स्थानकांत रुळांवर उतरले. ‘काम आहे’ एवढ्या नोंदींत ही यातायात कोठून उमटणार?

हद्दींचाही घोळ आहे. पाहणी सुरू झाली तेव्हां वसई ठाणें जिल्ह्यांत होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. परगण्यांच्या बदलत्या सीमा ज्यांनीं जुळविल्या आहेत, त्यांस ही सावधगिरी शिकवावयास नको. शिवाय ही पाहणी एका नगराचा स्वतंत्र हिशेब देण्यासाठीं रचलेली नाहीं.

तात्पर्य, ही पाहणी अस्सल साधन आहे, पण एकाकी साधन नव्हे. प्रत्येक अभ्यासकानें किती घरें गळालीं व तीं कोणतीं, हें निष्कर्षाआधीं सांगावें. ती उणीव भरून काढणारे कागद, म्हणजे प्रवासाचे परवाने, शिधावाटपाच्या याद्या, खोलीभाड्याच्या वह्या, दुकानदारांचीं उधारीचीं खातीं, अजून वसई, नालासोपारा व विरार येथील घराघरांत असतील. मोडीच्या रुमालांसाठीं वाडे धुंडाळणाऱ्या संग्राहकांनीं या चाळीही धुंडाळाव्या. हे कागद रद्दींत जाण्यास शंभर वर्षें लागत नाहींत.