टाका धरला का?

ऑक्सफर्डचे शल्यविशारद अँड्र्यू कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २०१७ साली ‘बोन अँड जॉइंट जर्नल’मध्ये आला. खांद्याची फाटलेली कंडरा दुर्बिणीतून शिवावी की मोठा छेद घेऊन, हा त्याचा विषय. पूर्णगडला मुचकुंदी नदीच्या मुखाशी मासेमारीवर जगणाऱ्यांसाठी हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. जाळं ओढताना हात वर उचलून वळवतात त्या चार स्नायूंच्या कंडरा वयाबरोबर झिजतात, आणि कधीतरी हाडापासून सुटतात.

ब्रिटनमधल्या २७३ रुग्णांची दोन गटांत वाटणी झाली ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, नशिबावर सोडून. वेदना आणि रोजची कामं यांवर ४८ पैकी गुण द्यायचे. दुर्बिणीच्या गटाचे सरासरी गुण २६.३ वरून दोन वर्षांत ४१.७ झाले, छेदाच्या गटाचे २५.० वरून ४१.५. म्हणजे दोन्ही वाटांनी माणसं जवळजवळ सारखीच सुधारली.

मला या लेखनाचा निग्रह भावतो. किती गुणांच्या फरकाला ‘फरक’ म्हणायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं: तीन. निकाल हाती आल्यावर मोजपट्टी बदलली नाही. पुढचा आकडा तर मोहात पाडणारा आहे. दुरुस्त केलेली कंडरा पुन्हा फाटण्याचं प्रमाण दुर्बिणीत ४६.४ टक्के, छेदात ३८.६. घाईचा लेखक इथेच छेदाला विजयी करून टाकतो. कार आणि मंडळी थांबतात. एवढ्या रुग्णसंख्येत ही तफावत योगायोगानेही पडू शकते, हे दाखवून ते कौल देत नाहीत.

मग निबंधातलं सर्वांत मोलाचं वाक्य येतं: ज्यांची कंडरा हाडाला धरली, त्यांचे गुण सर्वाधिक वाढले. जाळं सांधणाऱ्याला हे कळेल. गाठ कितीही पक्की मारा, आजूबाजूचं सूत जीर्ण असेल तर तिथूनच उसवतं. एका ओळीत टाके घालावेत की दोन, हा शल्यविशारदांमधला वादही याच मर्यादेत राहतो. टाका अडकवणारा छोटा नांगर हाडात बसतो, टाका ताण घेतो. कंडरेला हाडाशी जोडण्याचं काम मात्र शरीराचंच, आणि त्याला महिने लागतात.

खर्चातही त्यांना फरक आढळला नाही. पण तो हिशोब ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा. आपल्याकडे तो डॉक्टरांकडून वेगळा मांडून घ्यावा. आणि दुर्बीण की छेद, एवढ्यावर न थांबता विचारावं: माझी कंडरा किती जीर्ण आहे, ती धरेल का, आणि जाळ्याला हात किती महिने लावायचा नाही? निर्णय या उत्तरांवर घ्यावा, हाच या निबंधातल्या आकड्यांचा मला लागलेला अर्थ.