वितळणारे स्मारक आणि कोरलेले नाव

चौकात उभारलेल्या शिल्पातून समाज आपला शोक कशा प्रकारे व्यक्त करतो, हा प्रश्न केवळ कलेचा नाही. तो धम्माच्या विचाराचाही आहे. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील वाचकास बर्फाचे शिल्प ही कल्पना दूरची वाटेल. तथापि ज्या एका कलाकृतीचा आम्ही येथे परामर्श घेत आहोत, तिने उपस्थित केलेला प्रश्न आपल्या वस्तीपर्यंत येऊन पोहोचतो.

२ ऑगस्ट २०१४ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त, ब्राझीलच्या शिल्पकार नेले अझेवेदो यांनी बर्फाच्या ५,००० लहान मानवाकृती चेंबरलेन चौकाच्या पायऱ्यांवर मांडल्या. त्या मांडण्यासाठी नागरिकांचेच हात लागले होते. वीतभर उंचीच्या या बसलेल्या आकृतींना ना पद होते, ना शस्त्र. ऑगस्टच्या उन्हात काही तासांतच त्यांचे पाणी झाले. या शिल्पमालेस बाईंनी 'किमान स्मारक' अशा अर्थाचे नाव दिले आहे.

आपल्याकडील स्मारकाची जुनी रीत याच्या अगदी उलट आहे. सांगली-सातारा परिसरात गावोगावी वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ही कीर्ती चंद्रसूर्य असेतो टिकेल, असे तो दगड सांगतो. मागे राहिलेल्यांचे अश्रू मात्र त्यात कोठेच नाहीत. मृत्यूचे तेथे पराक्रमात रूपांतर झाले आहे. बर्फाच्या आकृती असे कोणतेही सांत्वन देत नाहीत. हे आमच्या मते त्यांचे मोठे सामर्थ्य होय.

बौद्ध परंपरेस हा विचार परका नाही. महापरिनिब्बान सुत्तात आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडतो. तथागत त्यास बोलावून घेतात, अनित्यतेची आठवण देतात आणि भिक्खुसंघासमोर त्याच्या सेवेची प्रशंसा करतात. त्याच सुत्तात तथागतांचा थूप चार महामार्ग मिळतात त्या ठिकाणी उभारावा, असे सांगितले आहे. म्हणजे स्मृतीची जागा चव्हाट्यावर आहे. अपदानात तर वाळूचा थूप रचून त्यास वंदन करणाऱ्या तापसाची कथा येते. थायलंडमध्ये आजही नववर्षाच्या सोंगक्रान सणात लोक विहाराच्या आवारात वाळूचे चैत्य रचतात. वाळू विखुरते, श्रद्धा उरते.

असे असले तरी या कलाकृतीविषयी आमचा एक आक्षेप आहे. अनाम असणे सर्वांना सारखेच परवडते काय? ज्यांची नावे इतिहासाने आधीच नोंदविली आहेत, त्यांचा चेहरा बर्फात विरघळला तरी ग्रंथांत तो शिल्लक राहतो. पहिल्या महायुद्धाच्याच काळात, १९१७ साली, १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली ती मोडली गेली. त्या शिपायांची किती नावे आज आपल्या ओठांवर आहेत? याउलट भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील मृत सैनिकांची नावे आहेत व त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा महारांचा प्रत्यय आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभास भेट दिली. ती नावे दगडात कोरलेली नसती तर तो स्तंभ आपल्याशी काय बोलला असता?

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मानतो. शोक वितळावा, नोंद वितळू नये. शोकास दगडात बंदिस्त केले की त्याचा अभिमान होतो, आणि नोंद पाण्यावर सोडली की तिचे विस्मरण होते. अझेवेदो यांनी पहिली गोष्ट उत्तम साधली आहे. दुसरी त्यांच्या कलेच्या कक्षेत येत नाही.

आपल्या चौकांतील श्रद्धांजलीचे फलक या कसोटीवर पाहावेत. त्यांवर मृताच्या छायाचित्राभोवती शोक करणाऱ्यांचीच छायाचित्रे अधिक असतात. तेथे शोकही नसतो आणि नोंदही नसते. त्याऐवजी वस्तीने एकत्र बसून मृतासाठी त्रिशरण-पंचशील म्हणावे, आणि त्याचे नाव, गाव व कार्य विहाराच्या वहीत लिहून ठेवावे. फलक उतरल्यावरही ती वही राहील.