'प्रभाव' लिहिण्याआधी थांबा

सिनॉप्सिसमध्ये 'अमक्याच्या विचारांचा शासनावर प्रभाव' असं आपण सर्रास लिहितो. पण तो प्रभाव शासनापर्यंत कोणत्या वाटेनं पोचला, हे सांगता येतं का?

कन्फ्यूशियसबाबत येतं. त्याच्या परंपरेतले ग्रंथ घोकायचे, परीक्षा द्यायची, पास झालं की अधिकारी. चीननं ती परीक्षा १९०५ मध्ये बंद केली; व्हिएतनाममध्ये ती १९१९ पर्यंत चालली. ग्रंथापासून खुर्चीपर्यंतची वाट दाखवता येते.

आता आपल्या भातकुलीकडे या. आपल्याच जिल्ह्यात, वलगावजवळ, १९५६ मध्ये गाडगेबाबांनी देह ठेवला. २०००-०१ पासून सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं. अभियान चांगलंच होतं, पण त्याला लगेच 'बाबांचा प्रभाव' म्हणणं मला घाईचं वाटतं. बाबांचं आधी झाडू, मग कीर्तन. अभियानात तपासणी, गुण आणि बक्षीस. मग गाव झाडलं गेलं ते बाबांमुळे की स्पर्धेमुळे?

तपासायचं असेल, तर बक्षीस मिळाल्यानंतरच्या वर्षी त्या गावात जा. स्पर्धेत न उतरलेलं शेजारचं गावही बघा. दोन्हीकडे कोण झाडतं, कशासाठी झाडतं, ते विचारा. 'प्रभाव' हा शब्द त्यानंतर लिहा.