कटऑफ काय सांगतो?

लालबाग-गिरगावातला विद्यार्थी शुद्ध गणितासाठी महाविद्यालय निवडताना प्रथम कटऑफ पाहतो. पण कटऑफवरून जागांची मागणी कळते, अध्यापनाची प्रत नव्हे. विल्सन (१८३२) किंवा रुईया (१९३७) यांची परंपरा मोठी. तरी विचारायचे ते वेगळेच : शेवटच्या वर्षापर्यंत गणित मुख्य विषय म्हणून चालते का? सिद्धता मुले फळ्यावरून उतरवून घेतात, की स्वतः रचतात? कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात (स्थापना २००७) पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ‘नेस्ट’ ही वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. हे अकरावीतच सांगणे शिक्षकाचे काम आहे; निकालानंतर सांगितले, तर अर्जाची मुदत उलटलेली असू शकते. आणि इतरत्र प्रवेश घेतलेल्यांना १९९३ साली सुरू झालेल्या ‘एमटीटीएस’ या उन्हाळी गणित शिबिराची वाट जरूर दाखवावी.