वसंताची पहिली खूण

वसंतावर लिहिणाऱ्या आमच्या अर्वाचीन कवींस दोन वारसे लाभले आहेत: एक संस्कृताचा व दुसरा इंग्रजीचा. पहिल्यांत वसंत हा मदनाचा सखा. दुसऱ्यांत तो मृत्यूवरील विजय. आध्यात्मिक आशेचा प्रश्न निघाला कीं आम्ही सुशिक्षित बहुधा दुसऱ्याकडे वळतों. परंतु ती आशा हिमप्रदेशांतील आहे. जेथें भूमि महिनोन्महिने गोठते, तेथें पहिला कोंब ही सुटकेची वार्ता असते. ती आशा जशीच्या तशी कोंकणांत आणली म्हणजे लटकी वाटूं लागते.

श्रीवर्धनचेंच उदाहरण घ्या. येथें हिम नाहीं, थंडीही सौम्य. आंबा पौष-माघांतच मोहरतो, सांवर व पांगारा पानें झडल्यावर तांबड्या फुलांनीं भरतात, आणि कुसुंबास ऐन कोरड्या दिवसांत लालसर पालवी फुटते. पुढें काय आहे? वैशाखाचा ताप, पावसास अद्याप कित्येक आठवडे अवकाश. म्हणजे ही पालवी संकट सरल्याची खूण नव्हे. संकटाच्या तोंडावर, सांठविलेल्या ओलाव्याच्या बळावर ती फुटते.

शेलेवर मात्र अन्याय होऊं नये. पश्चिम वाऱ्यास उद्देशून त्यानें लिहिलेली प्रसिद्ध कविता १८१९ च्या शरदांतली. तिच्यापुढें सबंध हिवाळा उभा होता. वादळाचा स्वीकार करून मगच ती वसंताचें नांव घेते. अनुकरण करणाऱ्यांनीं शेवटची आशा तेवढी उचलली. वादळ मागेंच राहिलें.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या पुस्तकाचें मोल येथेंच कळतें. त्यांनीं महिन्यामहिन्यानें झाडें न्याहाळलीं. 'वसंतहृदय चैत्र' या लेखांतही पाहणें आधीं येतें, अर्थ मागाहून. गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवान ऋतूंमध्यें आपण वसंत असल्याचें सांगतात, तेंही विभूतींच्या वर्णनांत. तेथें वसंत हें आश्वासन नसून दर्शन आहे.

हा भेद केवळ शब्दांचा, असें कोणी म्हणेल. पण ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या लोळविल्या. पोफळीचें रोप फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात. ज्याची वाडी गेली त्यास 'आतां वसंत येईलच' असें सांगणें क्रूरपणाचें होय; पुढच्या माघांत मोहोर आला, तरी पडलेली पोफळ उठली नाहीं. जी उभी राहिली तिचें जुनें पान गळलें, आणि त्याच्याच बगलेंतली पोय उघडी झाली. शेजारीं ज्यानें नवें रोप लावलें, त्यास पुढचे अनेक उन्हाळे शिंपणें आहे हें ठाऊक होतें. तरी त्यानें लावलें.

आध्यात्मिक आशा म्हणतात ती याहून निराळी नसावी. फळाची हमी मागणारी आशा हा व्यवहार झाला. म्हणून वसंतावरील कविता हातीं आली कीं एक प्रश्न विचारावा: मोहोरानंतरचें ऊन हिला माहीत आहे काय? माहीत असून जी गाते, तिच्यावर दुःखितानें विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.